तेल आटलं की आटवलं? (बडोदेकरांची चर्चा)

दांडियाबाजारकर
बडोद्याला तेलाचं नवल नाही. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वर, पुढच्या वर्षी कलोल. आपल्याकडच्या कितीतरी घरांत एक पगार ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचा, नाहीतर इथल्याच कोयली रिफायनरीचा. पण देशातलं तेल कमी का झालं असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: "फील्ड जुनी झाली हो."

मला हे पटत नाही. २०११-१२ मध्ये देशात ३.८ कोटी टन कच्चं तेल निघालं, २०२४-२५ मध्ये २.८७ कोटी. मधल्या काळात ओएनजीसीचं काय केलं ते बघा. पेट्रोलियम पदार्थ स्वस्त ठेवायला एकट्या २०१३-१४ मध्ये तिच्याकडून कच्च्या तेलाच्या भावात ५६ हजार कोटींच्या वर सूट घेतली. बाजारात बॅरलला १०६ डॉलरच्या आसपास भाव, कंपनीच्या हातात ४१. २०१७ मध्ये गुजरात सरकारच्या कंपनीचं कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं रखडलेलं गॅसक्षेत्र तिच्या गळ्यात मारलं. २०१८ मध्ये कर्ज काढून ३६,९१५ कोटींना एचपीसीएल ही पेट्रोल-डिझेल विकणारी सरकारी कंपनी घ्यायला लावली. या पैशात किती विहिरी खोदून झाल्या असत्या? जमिनीनं नाही, दिल्लीनं घात केला.

खडकवाली
सुरुवातीचं वर्ष सोयीचं निवडलंत. २०११-१२ हा शिखराचा आकडा आहे, आणि तिथवर पोचलो ते राजस्थानात बारमेरच्या मंगला तेलक्षेत्रामुळे. ते २००४ मध्ये सापडलं, २००९ मध्ये सुरू झालं.

त्याआधीची घसरण बघा ना. १९८९-९० मध्ये ३.४ कोटी टन होतं, १९९२-९३ मध्ये २.७ कोटी. तेव्हा एचपीसीएल कोणी कोणाच्या गळ्यात मारली होती? अरबी समुद्रातलं मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि त्याच्याएवढं दुसरं तेलक्षेत्र आजवर आपल्याला मिळालेलं नाही. पन्नास वर्षं झाली. मी सयाजीराव विद्यापीठात भूशास्त्र शिकले. खडकात नसेल ते अर्थसंकल्पात तरतूद करून वर येत नाही, एवढं तिथे पहिल्याच वर्षी कळतं.

वर्कओव्हर_काका
बाई, खडकात आहे. अंदाजे शंभरातलं तीस भाग वर येतं, बाकीचं खालीच राहतं. वाद त्या सत्तरचा आहे.

नव्वदच्या घसरणीचं कारण तुम्ही अर्धंच सांगितलंत. ऐंशीच्या दशकात वरून टार्गेट यायचं आणि मुंबई हाय पिळली जायची. थरात पाणी भरून दाब राखायचा असतो, ते काम मागे पडलं. सोड्याच्या बाटलीचं बूच एकदम काढलं की गॅस भसकन जातो आणि पाणी खाली राहतं, तसं झालं. गॅस सुटला, तेल मागे राहिलं, काही विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. तिथे दोष दिल्लीचाही आहे आणि आमच्या साहेबलोकांचाही, कारण "नाही जमणार" असं म्हणणाऱ्याला कुठली बढती मिळणार?

आता जमिनीवरचं ऐका. जुन्या विहिरीतून शंभर लिटर वर आलं तर ऐंशी-नव्वद लिटर नुसतं पाणी असू शकतं. ते वेगळं करा, परत खाली ढकला, तेल उपसणाऱ्या सकर रॉड पंपाचे रॉड तुटले की वर्कओव्हर रिग, म्हणजे विहीर दुरुस्तीचं यंत्र, लावा. मेहसाण्याकडे बलोल-संथाळला तेल डांबरासारखं जाड. तिथे हवा सोडून थरातच आग पेटवली, उष्णतेनं तेल पातळ केलं आणि काढलं. नव्वदच्या दशकापासून चाललंय ते. म्हणजे निघतं, पण पैसा लागतो आणि धीर लागतो.

सीए_रावपुरा
काका, त्या पैशाचंच सांगतो. १९७४ च्या कायद्यानं देशी कच्च्या तेलावर सेस बसवला, तेल उद्योगाच्या विकासासाठी म्हणून. २०१६ पासून तो किमतीच्या २० टक्के आहे. त्यातला लहानसा हिस्साच तेल उद्योग विकास मंडळापर्यंत पोचला, बाकी सगळा सरकारी तिजोरीत. वर राज्याची रॉयल्टी वेगळी. जुलै २०२२ मध्ये विंडफॉल टॅक्स, म्हणजे भाव चढल्यामुळे झालेल्या जादा नफ्यावरचा कर, आला, टनाला २३,२५० रुपयांपासून सुरुवात, डिसेंबर २०२४ पर्यंत चालला. भाव पडला की तोटा तुमचा, चढला की नफा सरकारचा. या हिशेबात खोल समुद्रात शेकडो कोटींची विहीर कोण खोदेल? ती कोरडी गेली की ऑडिटवाले दारात उभे.

कारेलीबागचा_नातू
मग खाजगीला द्या की! अमेरिकेचंही १९७० पासून २००८ पर्यंत घसरतच होतं, रोज ९६ लाख बॅरलवरून ५० लाखांवर. तिथेही "संपलं" म्हणत होते. शेल खडकातून तेल काढायचं तंत्र आलं आणि आता १३० लाखांच्या वर. मंगलासुद्धा शेल नावाच्या परदेशी कंपनीनं सोडलेल्या ब्लॉकमध्ये केर्न या खाजगी कंपनीनं शोधलं.

खडकवाली
आणि कृष्णा-गोदावरीच्या समुद्रातलं रिलायन्सचं गॅसक्षेत्र, केजी-डी६? देशातली सगळ्यात मोठी खाजगी कंपनी, हवा तेवढा पैसा. २०१० मध्ये गॅस शिखरावर गेला आणि नंतर धाडकन खाली आला. खडक मालकाचं नाव विचारत नाही.

अमेरिकेत शेतकऱ्याच्या जमिनीखालचं तेल बहुतेक ठिकाणी त्याच्या मालकीचं असतं. कंपनी आली की त्याला रॉयल्टी मिळते, तो स्वतःच बोलावतो. आपल्याकडे भरूचच्या शेतकऱ्याला पिकाची नुकसानभरपाई आणि जागेचं भाडं. शेलचा प्रयत्न इथेही झाला, २०१३ मध्ये ओएनजीसीनं जंबुसरला विहीर घेतली. पुढे काय झालं? शेलला पाणी किती लागतं ते बघा आणि मग उन्हाळ्यातल्या गुजरातकडे बघा.

कोयलीकर
एक साधा हिशेब. २०२४-२५ मध्ये कोयलीची क्षमता वर्षाला १.३७ कोटी टन होती. सगळ्या देशाचं तेल आणलं तरी अशा दोन रिफायनऱ्यांना जेमतेम पुरेल. १९६५ मध्ये ती सुरू झाली ती गुजरातच्या तेलाच्या भरवशावर, आज कच्छच्या आखातावरच्या सलायाहून पाइपलाइननं परदेशी तेल येतं. उत्पादन घटलं हे खरं, पण गाड्या किती वाढल्या? ८८ टक्के आयात निव्वळ घसरणीमुळे नाही झाली. संध्याकाळी अलकापुरीच्या सिग्नलला उभे राहा.

दांडियाबाजारकर
खपाचा मुद्दा वेगळा, धागा उत्पादनाचा आहे. खडकवालीताई, एकच विचारतो. २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीनं मुंबई हायसाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून घेतलं. बीपी म्हणते दहा वर्षांत तेल ४४ टक्क्यांनी वाढवू. खडक रिकामा असेल तर हे ४४ टक्के येणार कुठून?

खडकवाली
रिकामा आहे असं मी कुठे म्हटलं? दुसरा मुंबई हाय सापडला नाही असं म्हटलं. आणि ते ४४ टक्के आजच्या उत्पादनावर नाहीत, काहीच केलं नाही तर पुढच्या दहा वर्षांत जे घसरत जाईल त्याच्या तुलनेत आहेत.

वर्कओव्हर_काका
ते काम तीस वर्षांपूर्वी करायचं होतं. तेव्हा आम्ही फाइली पाठवत होतो.