मदत हवी आहे: घर सापडलंय, पण मुलाला पाठवायचं कुठे?

नमस्कार. मी कल्याणला स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र चालवते. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल. मुलाचं नाव, गाव, जिल्हा लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ते उघड करायला मनाई आहे. कृपया प्रतिसादातही विचारू नका.

डिसेंबरात एक मुलगा दुपारची गर्दी ओसरली की दारात येऊन उभा राहायला लागला. दहा-अकरा वर्षांचा असेल. पहिल्या दिवशी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली. एक पोळी खाल्ली, दुसरीची चौघडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. "रातच्याला लागती," म्हणाला. फलाटावर रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्या मोठ्या मुलांबरोबर राहायचा. त्यातली काही मुलं रुमालात नशेसाठी सोल्युशन घेऊन हुंगतात. याच्या हातात रुमाल दिसला नव्हता, पण आज ना उद्या दिसला असता.

तीन दिवस मी त्याला नुसती जेवू घालत राहिले. चौथ्या दिवशी 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला. असं मूल आढळलं की 24 तासांच्या आत कळवायचं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या तीन रात्री तो फलाटावरच झोपला, ही बोच अजून जात नाही. तुम्हाला कोणाला असं मूल दिसलं तर थांबू नका. 1098 दिवसरात्र लागतो. दुसऱ्याच दिवशी त्याला बाल कल्याण समितीपुढे नेलं, आणि तेव्हापासून तो बालगृहात आहे.

घराचा पत्ता लागायला मात्र दिवस गेले. वडिलांच्या मोबाईलचे आठ आकडे तोंडपाठ, शेवटचे दोन काही केल्या आठवेनात. गावाचं नाव सांगितलं तर त्या नावाची गावं तीन निघाली. शेवटी शाळेपुढच्या पाण्याच्या टाकीवर काय रंगवलंय ते त्याने अक्षर न् अक्षर सांगितलं, आणि त्यावरून त्याच्या गुरुजींपर्यंत फोन पोचला. गाव मराठवाड्यातलं आहे.

खरी अडचण इथून पुढे आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेत. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे नवराबायको जोडीने कामाला. दसऱ्यानंतर गेले ते पाडव्याच्या सुमाराला परतणार. घराला कुलूप. पोराची शाळा बुडू नये म्हणून त्याला चुलत्याकडे ठेवलं होतं. चुलता मारायचा आणि शाळेऐवजी शेळ्यांमागे पाठवायचा. एका संध्याकाळी एक शेळी कमी भरली. मार बसणार या भीतीने हा घरी गेलाच नाही, फाट्यावरून मिळेल त्या गाडीत बसला.

समितीची परवानगी घेऊन मी रविवारी त्याला भेटायला जाते. परवा मी तिथे असतानाच आईचा फोन आला. वडिलांना न्यायला यायचं तर जितके दिवस मोडतील तितके खाडे मुकादम धरणार. आई म्हणाली, "ताई, त्याला काई बोलू नका, पण पाडव्यापस्तोर तिकडंच राहू द्या." फोन स्पीकरवर होता. तो काही बोलला नाही. नंतर मला जिन्यापाशी गाठून विचारलं, "मावशी, पाडवा किती महिन्यांनी असतो?" मी सांगितल्यावर बोटांवर मोजत बसला.

चुलत्याकडे पाठवलं तर आठवड्यात पुन्हा स्टेशनवर येईल, याबद्दल मला शंका नाही. फडावरच्या कोपीत (ऊसतोडीच्या जागेवरच्या झोपडीत) पाठवलं तर आईबाप मिळतील, पण पहाटे तेही त्याला बरोबर घेऊनच उसात जातील, शाळा कायमची सुटेल. शेजारच्या गावात आजी आहे, आईची आई, एकटीच राहते. बालगृहातच ठेवावं तर आईने आपल्याला नको म्हटलं, हे त्याच्या मनात घर करून बसेल. सगळ्याच वाटांची मला धास्ती वाटते.

विचारायचं ते हे: समितीपुढे आपलं म्हणणं मांडायचा माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला काही अधिकार असतो का? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहं असतात, तिथे हंगामाच्या मध्येच मूल घेतात का? आणि घरी परतलेलं मूल पुन्हा पळू नये म्हणून तुम्ही नक्की काय केलंत? अनुभव असलेल्यांनीच लिहा, प्लीज.

प्रतिसाद

ताई, तीन दिवसांचं मनाला लावून घेऊ नका, चौथ्या दिवशी तुम्ही फोन केलात. मी मनमाड-भुसावळ पट्ट्यात सात वर्षं स्टेशनवरच्या मुलांसोबत काम केलं आहे. नुसतं गाडीत बसवून घरी सोडलेली मुलं महिन्याभरात त्याच फलाटावर भेटलेली आहेत. ज्या कारणासाठी मूल निघालं ते तसंच असेल तर ते थांबत नाही.

तुम्हाला समितीला लेखी अर्ज देता येतो. त्यात चुलत्याकडे पाठवू नये, हे स्पष्ट लिहा आणि मुलाने सांगितलेलं कारण त्याच्याच शब्दांत लिहा. समितीने मुलाचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. प्रकरण त्याच्या जिल्ह्यातल्या समितीकडे वर्ग होऊ शकतं, तशी विनंती करा. मग आजीच्या घरची गृहभेट तिथला जिल्हा बाल संरक्षण कक्ष करेल, तुम्हाला कल्याणहून धावपळ नको.

हंगामी वसतिगृह बहुतेक ठिकाणी शाळेतच चालतं. जेवण तिथे, रात्री मूल आजीआजोबांकडे. मध्येच घेतात का, ते गुरुजींनाच विचारा. त्या माणसाने एवढी धडपड केली आहे, तो नाही म्हणणार नाही. पैशाचं म्हणाल तर मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत दरमहा 4000 रुपयांचं प्रायोजकत्व (मुलाच्या खर्चासाठी मदत) आहे, ग्रामीण भागात वर्षाला 72,000 पर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला. अर्जात तेही घाला.

शक्य असेल तर समतोल फाउंडेशनशी बोला. तुमच्याच भागात स्टेशनवरच्या मुलांसाठी त्यांचं काम आहे, 45 दिवसांचं मनपरिवर्तन शिबिर घेतात आणि पालकांना बोलावून त्यांच्या हाती मूल देतात.

आणि एक. आईचा फोन दर आठवड्याला ठरलेल्या वारी येईल असं बघा. फडावर रेंज नसते, वार ठरला की ती माउली रेंज असेल तिथवर चालत जाईल.

धागाकर्ती

मनापासून आभार. अर्ज काल दिला. गुरुजींशीही बोलले. जेवणाची सोय शाळेत आहे, पटावर त्याचं नाव अजून आहे, आजी तयार असेल तर ते स्वतः तिच्याशी बोलणार आहेत. गृहभेटीची तारीख अजून कळलेली नाही.

आईने बुधवार ठरवला. संध्याकाळी सातनंतर, मोळ्या ट्रॅक्टरवर चढवून झाल्या की. काल पहिला फोन आला. शेळीबद्दल त्याने स्वतःहून सांगितलं. आई म्हणाली, शेळी त्याच रात्री आपली आपण गोठ्यात आली होती.

आजीजवळ राहून शाळा केलेलं कोणाचं मूल असेल तर अजूनही लिहा. पुढचा बुधवार झाला की इथेच कळवते.