खाडीतला गाळ काढायचे पैसे नक्की कुणाच्या खिशातून येतात?

कोथरूडचा_खलाशी

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. गेल्या रविवारी कोकणातून परत येताना घाटाआधीचा वळसा वाचवायला गाडी फेरीबोटीत घातली. (खाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बोटीवरची माणसं भली आहेत, त्यांच्यावर राग नाही.) अमावास्या होती, संध्याकाळचे साडेपाच, पाणी पार मागं गेलेलं. निम्म्यात गेलो नि खालून खर्रर्र असा आवाज आला, गाडीखाली दगड घासतो ना तसा, मग बोट थांबली ती थांबलीच. तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) रिव्हर्स मारून बघितलं, मागे नुसतं काळं पाणी उसळलं. एक पोरगा पुढे जाऊन बांबू खुपसून बघत होता, बांबू हातभर गेला की बास, खाली वाळू. दीड तास! भरती चढली तेव्हा बोट आपोआप हलली. माझी मुलगी खूश, तिला वाटलं हे तिकिटातच आहे. पुण्यात पोचायला रात्रीचा दीड वाजला.

तर माझा प्रश्न असा की दोन्ही बाजूंच्या जेट्ट्या नव्या कोऱ्या आहेत, शेड आहे, बाकडी आहेत, सोलरचे दिवे सुद्धा आहेत, मग मधलं पाणी कुणाचं? ते खोल ठेवायची जबाबदारी केंद्राची, राज्याची, का फेरीवाल्याची? आणि त्याला बजेट असतं का नसतं? कुणाला खरंच माहीत असेल तर सांगा, 'सगळे खातात' हे उत्तर मला पण देता येतं.

---

जुना_पाणीवाला

खडकवासल्याच्या आसपास आयुष्य गेलं, बंदरांच्या मॉडेलवर काम करणाऱ्यांच्यात ऊठबस होती, म्हणून चार शब्द. पुण्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं पण देशातल्या बंदरांत गाळ कुठे साचेल याचा अभ्यास समुद्रापासून शंभर किलोमीटरवर आपल्याकडे चालतो, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, १९१६ पासूनची संस्था. मोठाल्या शेडमध्ये सिमेंटची खाडी, त्यात यंत्राने भरती-ओहोटी सोडायची. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाताना तुम्ही त्याच्या दारावरूनच जाता.

आता जबाबदारी. मुंबई, न्हावा-शेवाचं जेएनपीए ही मोठी बंदरं, ती केंद्राची. बाकीची लहान बंदरं राज्याची, त्यासाठी १९९६ च्या कायद्याने झालेलं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड आहे, त्यांच्याकडे ४८ लहान बंदरं. पण थांबा, २०१६ साली राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा आला आणि देशभरातले १११ जलमार्ग 'राष्ट्रीय' झाले, त्यात आपल्या कोकणातल्या खाड्या पण आहेत. अंबा नदी १० नंबर, दाभोळ-वाशिष्ठी २८, रेवदंडा-कुंडलिका ८५, सावित्री म्हणजे बाणकोट खाडी ८९, शास्त्री-जयगड ९१. म्हणजे कागदावर तुमची बोट बहुतेक एखाद्या राष्ट्रीय जलमार्गावरच अडकली, अभिनंदन.

पण पाटी लागली म्हणून पाणी खोल होत नाही. अंबेतून धरमतरला बार्ज भरून कच्चा माल जातो, तिथे मार्ग मोकळा ठेवणं ही कारखान्याचीच गरज आहे. फेरीत काय जातं, तुमची स्विफ्ट, दोन दुधाचे कॅन आणि शाळेची पोरं. त्याचं टनांत वजन काही भरत नाही, आणि पैसे टनांच्या मागे जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे ड्रेजिंगचे, म्हणजे तळाचा गाळ उपसण्याचे, दोन प्रकार. एक नव्याने खोली करायची ते कॅपिटल, आणि केलेली खोली टिकवायची ते मेंटेनन्स. पहिल्यात नारळ फुटतो, फोटो येतो, केंद्राच्या सागरमालासारख्या बंदर-योजनेत अनुदानाची फाईल करता येते. दुसऱ्यात उद्घाटन काय करणार, गेल्या वर्षी होतं तेवढंच पाणी या वर्षी पण आहे याचं? म्हणून जेट्टीला टाइल्स लागतात आणि मधला पट्टा राहतो.

आणि निसर्ग कुणाचं ऐकत नाही. आपल्या नद्या सह्याद्रीवरून उतरतात त्या एकदम, साठ-सत्तर किलोमीटरात समुद्र, पावसाळ्यात माती घेऊन येतात. बाहेरून लाटा किनाऱ्याकडेने वाळू सरकवत आणतात आणि मुखाशी वाळूचा दांडा घालतात. तुम्ही मधे खणलं की समुद्राच्या लेखी तो खड्डा, तो भरून काढणार. एका सीझनमध्ये सुद्धा भरतो. एकदा खणून विषय संपला असं यात कधीच नसतं, घर झाडण्यासारखं आहे ते.

---

पेठेतला_शंकेखोर

माफ करा पण मी उलटं विचारतो. कोथरूडच्या गृहस्थांचा वळसा वाचावा म्हणून समाजाने दरवर्षी समुद्रात पैसे का ओतायचे? तेही जो खड्डा परत भरणारच आहे त्यात. आमच्याकडे रस्त्यातले खड्डे भरत नाहीत आणि तुम्हाला पाण्यात खड्डे पाडून हवेत. उद्या त्याच वाटेने मांडव्याच्या यॉटवाल्यांची सोय होईल, बिल आमच्या नावाने. ज्याला बोटीतून जायचंय त्याने तिकीट जास्त द्यावं की.

(अमावास्येला संध्याकाळी ओहोटी असते हे निघायच्या आधी बघायला काही फी लागत नाही, हे जाता जाता.)

---

खाडीपलीकडचा

शंकेखोर काका, यॉट म्हणालात म्हणून बोलतो नायतर वाचून सोडून देणार होतो. माझं गाव गुहागर तालुक्यात, आता वारज्यात राहतो. माझा मामा तांडेल. आमच्याकडे बोट म्हणजे यॉट नाय ओ, बोट म्हणजे म्हातारीला डायलिसिसला न्यायची ती, आंब्याच्या पेट्या चढवायच्या ती. आणि मच्छीवाल्यांचं तर विचारूच नका. पहाटे माल घेऊन आलेली बोट मुखाच्या बाहेर भरतीची वाट बघत उभी, बर्फ वितळतोय, इकडे लिलाव होऊन गेला. त्याचं नुकसान कुठल्या बजेटात धरता? आणि पावसाळा तोंडावर असताना बाहेर वारा सुटला तर त्या दांड्यावर लाट फुटते, तिथं बोट पलटी होते, माणसं जातात. खोली हा आमच्या लेखी सोयीचा विषय नाहीच आहे.

आता पैशाची गंमत सांगतो. वाळूला गिऱ्हाईक आहे, गाळाला नाय. पहिल्यापासून खाडीत हातपाटीवाले, डुबीवाले (हाताने, बुडी मारून) रेती काढायचे, नंतर सक्शन पंप आले. कागदावरचा हिशोब झकास होता, बोर्डाने सर्व्हे करायचा, कलेक्टरने त्या गटाचा लिलाव करायचा, ठेकेदार रेती उचलणार, मार्ग पण मोकळा आणि सरकारला रॉयल्टी पण. फुकटात ड्रेजिंग! पण ठेकेदार कुठे लागतो? जिथं चांगली जाड रेती मिळते तिथं. बोट अडकते त्या जागी बारीक वाळू नि चिखल, त्याला कोण विचारतो, मग एका ठिकाणी काठ ढासळेपर्यंत खणलेलं आणि शंभर वावांवर बोट रुतलेली असला प्रकार. मामा म्हणतो, खाडीची दाढी करायला सांगितली तर ह्यांनी मिशी कापून नेली.

अजून एक. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्यानंतर लोक उपोषणाला बसले तेव्हा वाशिष्ठीतला गाळ काढायला मशीनं उतरली. गोवळकोटला एके काळी गलबतं लागायची त्याच नदीत. म्हणजे गाळ काढता येतो, पैसे पण निघतात, फक्त ते पुराच्या लेखाशीर्षातून निघतात, बोटीच्या नाय.

जुन्या लोकांना आठवत असेल, मुंबईची बोट हर्णैला यायची तेव्हा ती आत येतच नव्हती, बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि आम्हाला पडावातून न्यायचे. आजी पडावातच ओकायला लागायची, 'बोट लागली' म्हणायची, खरं तर पडाव लागायचा. तेव्हा खोली कमी होती तर लहान होडी वापरायची ही अक्कल होती, आता सहा गाड्या आणि एक टेम्पो घेऊन त्याच पाण्यातून जायचंय.

---

सध्या_चार्ल्सटन

मूळची सहकारनगरची, आता अमेरिकेत साउथ कॅरोलायनात. नवऱ्याला शिडाच्या होडीचं वेड, त्यामुळे हा विषय आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज असतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगते की इथे पण सेम रडगाणं आहे.

इथे पूर्व किनाऱ्याला समांतर एक आतला जलमार्ग आहे, नॉरफोकपासून मायामीपर्यंत साधारण १७५० किलोमीटर, खाड्या, नद्या आणि मधेमधे खणलेले कालवे जोडून केलेला. सांभाळायचं काम केंद्र सरकारच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे. कायद्याने बहुतेक लांबीत खोली १२ फूट पाहिजे. प्रत्यक्षात जॉर्जियात अशा जागा आहेत की ओहोटीला आमची पाच फूट बुडणारी होडी पण टेकते, तिथे भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक, मग सगळे भरतीचं टेबल घेऊन बसलेले असतात, अगदी तुमच्या मामांसारखे. कारण तेच जे पाणीवाल्या काकांनी सांगितलं, कोअर बजेट देताना व्यापारी मालाचे टन बघतं, बार्ज कमी झाले, होड्या वाढल्या, पण होड्यांना टन नसतात.

बंदरांसाठी वेगळी सोय आहे. १९८६ च्या कायद्याने मालाच्या किमतीवर एक कर लावला, आता तो शंभर डॉलरला साडेबारा सेंट आहे, तो बंदरं खोल ठेवायलाच. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्यातीवरचा रद्द केला, त्यामुळे मुख्यतः आयातीवर राहिला. आणि मज्जा म्हणजे गोळा झालेले पैसे पण वर्षानुवर्षं पूर्ण खर्च करत नव्हते, फंडात आकडा फुगत होता आणि चॅनेल उथळ.

पण शंकेखोर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर फ्लोरिडाने दिलंय असं मला वाटतं. तिथे १९२७ पासून एक 'जलमार्ग जिल्हा' आहे, म्हणजे कर लावू शकणारी सरकारी संस्था, पूर्व किनाऱ्यावरच्या १२ काउंट्या मिळून. ती तिथल्या घरा-जमिनींवर अगदी छोटासा कर लावतो, कारण पाणी चालू राहिलं तर सगळ्या किनाऱ्याच्या जागांची किंमत टिकते, फक्त होडीवाल्याची नाही. त्यातून ड्रेजिंगला हिस्सा देतात, आणि काढलेला गाळ टाकायला जागा पण त्यांनी आधीच घेऊन ठेवल्यात, हे फार महत्त्वाचं, कारण गाळ काढण्यापेक्षा टाकायचा कुठे हे भांडण मोठं असतं. नॉर्थ कॅरोलायनात होडीच्या कागदपत्रांच्या फीचा आणि पेट्रोलवरच्या कराचा थोडा भाग उथळ चॅनेलांच्या फंडात जातो. जॉर्जियात असं काही उभं राहिलं नाही आणि होड्या कुठे टेकतात ते वर लिहिलंच.

---

पेठेतला_शंकेखोर

हे पटलं. घरपट्टीवर लावा म्हणजे कोकणात सेकंड होम घेतलेले सगळे पुणेकर वठणीवर येतील. माझं नाहीये.

---

जुना_पाणीवाला

गाळ टाकायचा कुठे हा मुद्दा ताईंनी बरोबर काढला. आपल्याकडे काठावर कांदळवन, त्यावर टाकता येत नाही आणि टाकूही नये. सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखालची, परवानगी लागते. लांब समुद्रात नेऊन टाकायचा तर खर्च वाढतो.

आणि एक व्यवहारातली अडचण. एका फेरीच्या पट्ट्यात गाळ किती असणार, मोठ्या बंदरापुढे चिमूटभर. तेवढ्यासाठी ड्रेजर, पाइप, टग आणायचा खर्चच कामापेक्षा जास्त होतो, मग टेंडरला कुणी येत नाही. सरकारी ड्रेजिंग कॉर्पोरेशन होतं, १९७६ चं, विशाखापट्टणमला, तेही २०१९ मध्ये केंद्राने आपला ७३.४७ टक्के हिस्सा चार मोठ्या बंदरांना विकला, त्यांचं लक्ष त्यांच्या मोठ्या चॅनेलांवर असणार हे उघड आहे. माझं मत विचाराल तर पाच-सहा खाड्यांचं मिळून एकच कंत्राट द्यावं, पाच वर्षांचं, आणि पैसे घनमीटरवर न देता खोलीवर द्यावेत. म्हणजे अमावास्येच्या ओहोटीला अमुक मीटर पाणी असलं तर बिल पास. घनमीटरवर दिलं की ठेकेदाराला गाळ परत आलेला आवडतो.

---

कोथरूडचा_खलाशी

बापरे, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. शंकेखोर काका, ओहोटीचं टेबल फोनमध्ये टाकलं, झालं समाधान? आता मला सांगा की नागरिक म्हणून करायचं काय. ट्विट करून काही होत नाही.

---

खाडीपलीकडचा

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बोर्डाच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याच्या नावाने. मोघम 'गाळ का काढत नाही' असं विचारू नका, त्याला 'कार्यवाही सुरू आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं. विचारा की या फेरीमार्गाचा शेवटचा हायड्रोग्राफिक सर्व्हे (पाण्याच्या खोलीची मोजणी) कधी झाला, त्याच्या नकाशाची प्रत द्या. गेल्या पाच वर्षांत या मार्गावर देखभालीच्या ड्रेजिंगवर किती खर्च झाला, कुठल्या लेखाशीर्षातून. आणि फेरीच्या तिकिटांतून बोर्डाला वर्षाला किती मिळतं. हे तीन कागद शेजारी ठेवले की पुढचं बोलता येईल.

पण लवकर करा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल झाले की फेरीवरच्या गाड्या पुलावरून जाणार, आणि तुम्ही पुणेकर खाडीकडे बघणार पण नाय. आमच्या मच्छीवाल्यांना मात्र पुलाखालनंच जायचंय.

---

कोथरूडचा_खलाशी

अर्ज उद्याच लिहितो, मसुदा इथे टाकतो, पाणीवाले काका तपासून द्या. आणि मामांना विचार, त्या पोराने बांबूवर मीटरच्या खुणा करून रोज वहीत लिहिलं तर तो सर्व्हे म्हणून चालेल का?

---

खाडीपलीकडचा

विचारलं. मामा म्हणतो वही चौदा वर्षांपासून आहे, मागायला कोण आलाच नाय.