मदत हवी आहे: छतावर सावली किती पडते, हे फोनवर कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. घरगुती सोलरची चौकशी करणाऱ्यांशी आधी बोलायचं आणि सेल्सचा माणूस कुणाकडे पाठवायचा ते ठरवायचं, हे माझं काम. वर्षभराची वीजबिलं, घर कुणाच्या नावावर, छत किती जुनं, हे पटकन विचारून होतं. अडतं ते सावलीपाशी. लोक अगदी मनापासून सांगतात, "आमच्याकडे दिवसभर ऊन असतं हो!" पण ते उन्हाळा आठवून बोलतात. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो आणि शेजारचं झाड, पाण्याची टाकी यांची सावली लांबवर पसरते. पॅनेल सिरीजमध्ये जोडलेले असतील तर एकावरच्या सावलीनेही अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. सॅटेलाइट फोटो बघते, पण तो बरेचदा जुना असतो, आणि वरून झाडाची उंची काय कळणार?

सकाळी 9 आणि दुपारी 3 वाजताचे छताचे फोटो मागवले तर लोक वैतागतील का? तुम्ही नेमकं काय विचारता?

आणखी एक. घर योग्य नसेल तर सरळ नाही सांगावं, असं मला मनापासून वाटतं. पॅनेल 25 वर्षांच्या हिशोबाने बसवतात. पण आमचं टार्गेट ठरवलेल्या भेटींवर मोजतात. वरिष्ठांना हे कुणी पटवून दिलंय का? कसं?