कॅरिआकू बेटावर वादळानंतर मदत : २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात काम केलेल्यांनी सांगावं

मंगळवारपेठ :
नमस्कार मंडळी. माझी भाची वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडात मेडिकलला आहे. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ग्रेनाडाच्याच ताब्यातल्या कॅरिआकू नावाच्या लहान बेटावर धडकलं. बेट जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं, वारा ताशी २४० किलोमीटरचा. अर्ध्या तासात सगळं भुईसपाट झालं असं तिथले पंतप्रधान डिकन मिचेल म्हणाले. भाची मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकाला असते, ती सुखरूप आहे. तिच्या वर्गातली मुलं आता पैसे आणि सामान गोळा करताहेत. काल रात्री फोनवर म्हणाली, "मामा, तुम्ही पुरात शिरोळला मदत घेऊन जायचा, आम्ही काय न्यावं?" मी त्या वेळी टेम्पो चालवत होतो, याद्या दुसरे करायचे. कपडे खोलीभर जमलेत म्हणते. ते न्यावेत का? सामान बरं की पैसे? आणि वाटायचं कसं? कॅरिआकूला बोटीनं दीड-दोन तास लागतात, फेऱ्या मोजक्याच.

चिखलीकर :
मेडिकलची मुलं आहेत तर आधी गोळ्यांचं बघा. आमच्या चिखलीतनं माणसं नेसत्या कपड्यावर बाहेर काढली, बीपी-शुगरच्या गोळ्या घरातच राहिल्या. कुठली गोळी, किती पॉवरची, हे म्हाताऱ्यांना सांगता येत नव्हतं, रंग सांगायचे. कॅरिआकूच्या हॉस्पिटलचंही नुकसान झालंय. तिथल्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्याच हाताखाली काम करा म्हणावं.

मांडववाला :
दादा, माझा मांडव आणि ताडपत्रीचा धंदा आहे, त्यामुळं मी छपरापासनंच सुरू करतो.

त्या बेटावर बारमाही नदी नाही. पावसाचं पाणी छपरावरनं पन्हाळीतनं टाकीत घेतात आणि तेच वापरतात. म्हणजे छप्पर उडालं की घर गेलंच, पाणीही गेलं. टाकीत माती, पाला, पत्र्याचा चुरा. म्हणून ताडपत्री पहिली, आणि तिच्याबरोबर पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, झाकणाच्या बादल्या.

ताडपत्री जाड घ्या, कडेला रिंगा असलेली. पातळ ताडपत्री समुद्राच्या वाऱ्यात टिकत नाही, आणि तिथला वादळांचा हंगाम नोव्हेंबर संपेपर्यंत चालतो. नुसता खिळा ठोकू नका, भोक वाढत वाढत ताडपत्री फाटते. कड लाकडी पट्टीवर दोन वेढे गुंडाळायची आणि पट्टीवरनं खिळे मारायचे. पट्ट्या, खिळे, हातोडी, नायलॉनचा दोर आणि हातमोजे, हे एका घराचं एक गाठोडं करा. ताडपत्री एका बोटीनं आणि खिळे पुढच्या बोटीनं असं झालं तर दोन्ही पडून राहतात.

कपडे नको. मी हे तळमळीनं सांगतोय. २०१९ ला शिरोळ तालुक्यात पाणी उतरलं तेव्हा रस्त्याकडंला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते. लोकांना खराटे हवे होते, ब्लीचिंग पावडर हवी होती, शेगडी हवी होती, जनावरांना वैरण हवी होती. आणि ते ढीग उचलायला गाळ काढणारे ट्रॅक्टर अडकले. बेटावर तर असा कचरा टाकायलासुद्धा जागा नाही. बोटीतली प्रत्येक फूटभर जागा मोलाची धरा.

पैशाचं म्हणाल तर द्या, पण कुणाला ते बघून. कॅरिआकूचे लोक लाकडी होड्या बांधतात. पिढ्यान् पिढ्यांची कला आहे, २०२३ ला युनेस्कोच्या यादीत गेली. ज्याला होडीचा वासा बसवता येतो त्याला घराचा वासा जड नाही. त्या सुतारांना मजुरी द्या, लाकूड द्या. त्यांचीही घरं पडलीत, त्यांच्या हाताला काम मिळेल आणि छपरं पक्की होतील.

वाटपाचं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडं हायवेलगतच्या गावात एकाच घरात तीन-तीन किट गेली आणि आत मळ्यातली माणसं तशीच राहिली. हिल्सबरो या कॅरिआकूच्या मुख्य गावाच्या धक्क्यावर सामान उतरलं म्हणजे पोचलं, असं समजू नका. विंडवर्ड गाव तिथनं लांब, आणि पेटिट मार्टिनिक तर वेगळंच बेट. आम्ही ज्या गावात होतो तिथं अंगणवाडीच्या बाईंनी वही धरली होती. कुठल्या घरात बाळंतीण, कोण अंथरुणाला खिळलेलं, कुणाला कोण नाही, हे त्यांना तोंडपाठ. आम्ही फक्त उचलायला आणि ठेवायला. भाचीनं तशी बाई शोधावी. शाळेतली, चर्चमधली, दुकानातली, कुणीही चालेल, पण तिथलीच. निघायच्या आधी तिला फोन, आणि ती सांगेल तेवढंच बोटीत.

मंगळवारपेठ :
लई उपकार झाले. फोनवर सगळं वाचून दाखवलं. कपडे ठेवून देताहेत. वर्गातल्या एकाची ओळख कॅरिआकूच्या एका शिक्षिकेशी आहे, तिला गाठतील. भाचीचा आणखी एक प्रश्न : देणाऱ्यांना हिशेब दाखवायला वाटपाचे फोटो काढावेत का?

कुरुंदवाडची_वहिनी :
माणसांचे फोटो नको, भाऊ. आम्ही पुरात शाळेत राहिलो. माझ्या सासूबाई, कधी कुणापुढं हात न पसरलेल्या. तांदळाच्या पिशवीसाठी त्यांना दोनदा हात पुढं करायला लावला, कारण पहिला फोटो हलला होता. तो फोटो नंतर नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरत आला. त्या आजही तो विषय काढू देत नाहीत. हिशेब दाखवायला पावत्या आहेत, वहीचं पान आहे, बांधलेल्या छपराचा फोटो आहे.

कपड्यांबद्दल मांडववाल्या दादांचं खरं आहे, पण बायकांचे आतले कपडे, नवेकोरे, आणि सॅनिटरी पॅड जरूर न्या. हे मागायला कुणी पुढं येत नाही, त्यामुळं यादीत येत नाही. पुरुषांच्या हाती वाटायला देऊ नका. एखादी चादर आणि दोरी जास्त ठेवा, आडोसा करून कपडे बदलता येतात.

आणि सगळं एकाच फेरीत उधळू नका म्हणावं. आमच्याकडं पहिल्या आठवड्यात बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा नव्हती, आणि गणपती उरकल्यावर घरात डाळ नव्हती तेव्हा कुणी फिरकलं नाही. निम्मे पैसे सप्टेंबरसाठी बाजूला काढा. त्या शिक्षिकेला आत्ताच सांगून ठेवा की आम्ही पुन्हा येणार आहोत, म्हणजे ती दुसरी यादी करायला घेईल.