वाडीवरच्या शाळेत नेट न्यायचंय, सव्वा किलोमीटरवर फायबर चालते का?

दोनशिक्षकी_गुरुजी:
नमस्कार मंडळी. आमची जि.प.ची शाळा, पट २३. ग्रामपंचायतीत भारतनेटची (गावोगावी इंटरनेट नेणारी सरकारी योजना) फायबर आलीय आणि चालूही आहे. शाळा मात्र वाडीवर, तिथून सव्वा किलोमीटर, मधे ओढा. मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरायची तर मी टाकीखाली गाडीच्या सीटवर लॅपटॉप ठेवून उभा असतो, आणि इकडे चार वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात. वर्गणीतून टीव्ही आलाय, तो पेनड्राइव्हवर चालतो. एक केबलवाला म्हणाला, एवढ्या लांब फायबरचा सिग्नल मरतो. खरं का? वर्षाचं शाळा अनुदान १०,०००, खडू-झाडूसकट. तेव्हा जपून सांगा.

जोडकाम_८वर्षे:
साफ खोटं. फायबरच्या या तंत्रात २० किलोमीटरपर्यंत सिग्नल जातो. तुमच्या अंतरात अर्धा डीबीसुद्धा (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) जायचा नाही. खाणारा असतो तो स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा सिग्नल अनेकांत वाटणारा डबा, १:८ चा एकटाच दहा डीबी खातो. खर्च अंतराचा नाही, खांबांचा आहे. विजेच्या खांबांवरून ओढणार असाल तर महावितरणची परवानगी कागदावर घ्या, तोंडी नको. आणि जोडणी झाली की पॉवर मीटरवरचा (पोचलेला सिग्नल मोजायचं यंत्र) आकडा स्वतः बघा. उणे २० च्या आसपास असेल तर निवांत झोपा. उणे २७ असेल तर पहिल्या पावसात डब्यावर लाल दिवा, म्हणजे सिग्नल गेला.

सावरीखालची_बाई:
गुरुजी, रेडिओच्या (बिनतारी नेटच्या) नादी लागू नका, आम्ही लागलो होतो. ग्रामपंचायतीच्या गच्चीवरून शाळेच्या पत्र्यावर, समोरासमोर दोन डिश. फेब्रुवारीत बसवल्या तेव्हा मधल्या सावरीला एक पान नव्हतं. नेट असं पळायचं की बास! जूनमध्ये झाड भरलं, पानं भिजली, संपलं. त्याआधी वळवात वीज कडाडली ती पत्र्यावरून खाली आलेल्या तारेतून नेटचा स्विच (जोडण्या वाटणारा डबा) जाळून गेली. फायबरच्या काचेतून तरी वीज येत नाही.
आणखी एक. आमच्याकडे अकराला लाईट जाते. राऊटरपुरती १२ व्होल्टची छोटी बॅटरी आधी घ्या. दीक्षावरचे (सरकारी शैक्षणिक ॲप) धडे सकाळीच उतरवून ठेवते, मग नेट गेलं तरी तास बुडत नाही.

दोनशिक्षकी_गुरुजी:
२०२५ च्या अर्थसंकल्पात शाळांना ब्रॉडबँड म्हणून ऐकलं होतं. त्याची वाट बघू का?

जोडकाम_८वर्षे:
ती घोषणा माध्यमिक शाळांची. तुमची चौथीपर्यंतची ना? मग ग्रामसभेत विषय घ्या. ओढा किती रुंद आहे?

दोनशिक्षकी_गुरुजी:
पावसाळ्यात साठ-सत्तर फूट.

जोडकाम_८वर्षे:
मग एका गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, पार होतोय. खांब मोजून सांगा.

दोनशिक्षकी_गुरुजी:
मोजले. चौथीची पोरं घेऊन गेलो, तेवढीच गणिताची तासिका. २९ भरले. दोन कललेत आणि एकावर मधमाश्यांचं पोळं आहे, ते तुमच्यासाठी ठेवलंय.