सोसायटीत पंखे बदलले, बिल जवळपास तेवढंच. बचत झाली की नाही, हे ठरवायचं कसं?

प्रश्न: कोथरूड_सचिव

नमस्कार. डहाणूकर कॉलनीजवळ आमची ११२ सदनिकांची सोसायटी आहे आणि मी चार वर्षं तिचा सचिव आहे. बँकेतून निवृत्त झालो, त्यामुळे आकड्यांचा मेळ लागला नाही तर मला चैन पडत नाही.

मार्चमध्ये आम्ही एकत्र खरेदी करून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे बसवले. ६४ घरांनी घेतले, ४८ घरांनी नाही. विक्रेत्याने सर्वसाधारण सभेत फळ्यावर मांडून दाखवलं होतं: जुना पंखा ७५ वॅटचा, नवा ३० वॅटचा, घरात तीन पंखे, रोज १० तास, म्हणजे घरामागे महिन्याला ४० युनिटची बचत. हिशेब मी स्वतः तपासला होता, बरोबर होता.

मेचं बिल आलं आणि तक्रारी सुरू झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं बिल तर गेल्या वर्षीपेक्षा वाढलं. मी पंखे घेतलेल्या सगळ्यांकडून बिलांचे फोटो मागवले. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर असतोच. एप्रिल-मे मिळून सरासरी काढली: गेल्या वर्षी महिन्याला २१० युनिट, यंदा २०४. सांगितले ४०, वाचले सहा. आता जिन्यात कुजबुज आहे की सचिवांनी कमिशन खाल्लं. ३४ वर्षं बँकेत काढली, एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. हे फार लागलं मनाला.

मुलगी म्हणाली, वीजबचतीच्या सरकारी योजना खरंच चालतात का हे तपासणारे अर्थशास्त्रज्ञ असतात. ते हे कसं ठरवतात? आमची फसवणूक झाली आहे का?

उत्तर: बीएमसीसी_रोड

काका, एकच विचारते. पंखे न घेतलेल्या ४८ घरांची बिलं तुमच्याकडे आहेत का? नसतील तर आधी ती मिळवा, मग बोलू. मी गेली नऊ वर्षं हेच काम करते.

कोथरूड_सचिव

त्यांची कशाला, असं वाटलं होतं. पण मागवली. ४१ जणांनी दिली. गेल्या वर्षी एप्रिल-मेची सरासरी १८५, यंदा २०१.

बीएमसीसी_रोड

मग आता तुमच्या हातात खरा आकडा आहे.

पंखे न घेतलेल्या घरांत काहीच बदललं नव्हतं, तरी वापर १६ युनिटने वाढला. उन्हाळा कडक असेल, मुलं घरी असतील, कुणी कूलर आणला असेल. तेच ऊन पंखे घेतलेल्या घरांवरही होतं. म्हणजे पंखे बदलले नसते तर त्यांचा वापरही २१० वरून साधारण २२६ वर गेला असता. प्रत्यक्षात तो २०४ झाला. तुमची बचत सहा नाही, घरामागे महिन्याला २२ युनिटच्या आसपास आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हे सांगा. त्यांचं बिल वाढलं हे खरं, पण जुन्या पंख्यांवर ते आणखी वाढलं असतं.

मीटरवर दिसतो तो वापर. योजना झालीच नसती तर किती वापर झाला असता, हा आकडा कुठल्याच बिलावर छापून येत नाही. तो शोधणं हे आमचं काम. आपल्याकडे गावाचं पीक किती आलं हे ठरवायला पैसेवारी लावतात ना, तसंच काहीसं. आधी नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते. अंतिम पैसेवारी पीक कापणी प्रयोगानंतर. शेतातला १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा यदृच्छ आकड्याने निवडतात, म्हणजे चांगलं पीक पाहून तुकडा निवडायची सोयच राहत नाही. ही पद्धत १९४०च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी बसवली. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. विक्रेत्याचे ४० युनिट ही नजरअंदाज पैसेवारी होती. तुम्ही आता कापणी केलीत.

आता ४० आणि २२ यांत फरक का, ते. विक्रेत्याने खोटं सांगितलं असंच काही नाही. त्याने तीन पंखे रोज दहा तास धरले. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा किती तास चालतो? जुना पंखा ७५ वॅट घेतो तो पूर्ण वेगावर; इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर दोनवर ठेवलात तर बराच कमी. आणि काढलेले पंखे गेले कुठे? एखाद्या घरी तो गॅलरीत फिरत असेल, तर तीही वीज त्याच बिलात. कामवाल्या मावशींच्या घरी फिरत असेल, तर ती या बिलांत दिसत नाही, पण वीज लागतेच. माझ्या पहिल्या कामात पर्वतीच्या पायथ्याला घरोघरी जाऊन योजनेत वाटलेले बल्ब मोजायचे होते. एका घरी मिळालेल्या आठ बल्बांपैकी तीन कपाटात, वेष्टणातच ठेवलेले. ताई म्हणाल्या, "एक गेला की दुसरा लावू, एकदम कशाला जाळायचे?" शहाणपणाचंच बोलल्या. पण अहवालात आठही बल्ब पेटलेले धरले होते. ते तीन बल्ब खोडून लिहिताना वरिष्ठांशी माझा वाद झाला होता. मी आकडा बदलला नाही.

हा फरक सगळीकडे सापडतो. मेक्सिकोने २००९ मध्ये जुने फ्रिज आणि एसी बदलून देण्याची मोठी योजना आणली. जुनं यंत्र परत घेऊन नष्ट करायची अट होती, म्हणजे गॅलरीची वाटही बंद. लुकस डेव्हिस, ॲलन फुक्स आणि पॉल गर्टलर यांनी घरांची बिलं तपासली. फ्रिज बदललेल्या घरांत वीज सरासरी ८% वाचली, अंदाजाच्या साधारण एक चतुर्थांश. एसी बदलला तिथे वापर उलट वाढला, कारण चालवणं स्वस्त झालं तसा लोकांनी तो जास्त चालवला.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कमी उत्पन्नाच्या घरांना भिंती-छताचं उष्णतारोधन आणि घर तापवणाऱ्या नव्या भट्ट्या फुकट बसवून देतात. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वोल्फ्रम यांनी सुमारे ३०,००० कुटुंबं घेतली आणि त्यांतल्या यदृच्छ निवडलेल्या काहींच्या दारात जाऊन, फोन करून, अर्ज भरायला मदत करून त्यांना योजनेकडे वळवलं. तरी फार थोड्यांनी काम करून घेतलं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीलाही लोक वेळ काढत नाहीत, हे आमच्या धंद्यात पुन्हा पुन्हा शिकावं लागतं. त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आला: अभियंत्यांचा अंदाज प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून जास्त, आणि केलेला खर्च वाचलेल्या ऊर्जेच्या किमतीच्या साधारण दुप्पट.

तुमच्या २२वर मात्र माझी एक शंका आहे. पंखे कुणी घेतले? ज्यांचा वापर आधीच जास्त होता त्यांनी. तुमचेच आकडे पाहा, २१० आणि १८५. ही दोन प्रकारची घरं आहेत. तेव्हा दोन्ही गटांची मागच्या वर्षीच्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंतची बिलं शेजारी मांडा. पंखे येण्याआधी ती एकाच चालीने वर-खाली होत असतील तर २२वर भरवसा ठेवा. नसतील तर मला कळवा.

उत्तर: भोसरी_वर्कशॉप

मी विद्युत अभियंता. ताईंचं बरंचसं पटलं, पण एक गोष्ट खटकते. पंखा ३० वॅटच घेतो, ते मी मीटर लावून पाहिलंय. लोक तो जास्त वेळ चालवतात यात पंख्याचा काय दोष? आणि तुम्ही लोक 'अंदाज चुकला' असं छापता, मग वरचे अधिकारी योजनेचे पैसेच कापतात. सरकारच्या स्वस्त एलईडी बल्बांच्या उजाला योजनेचं काय? ती नसती तर आज घराघरात एलईडी दिसला असता का?

बीएमसीसी_रोड

दादा, पंख्याचा दोष नाहीच. तुमचे ३० वॅट मला मान्य आहेत. योजना मात्र माणसांच्या घरात चालते, म्हणून तिची तपासणीही तिथेच व्हायला हवी.

उजालाचं उदाहरण चांगलं काढलंत, कारण तिथे आमची पद्धत उघडी पडते. योजना ५ जानेवारी २०१५ला सुरू झाली, ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. सरकारी घाऊक खरेदीत बल्बचा दर २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. आता समजा मी बल्ब घेतलेली आणि न घेतलेली घरं शेजारी ठेवली. न घेतलेल्या घराने कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्त एलईडी आणलाच असणार, आणि तो स्वस्त होण्यात या खरेदीचाही हात आहे. दोन्ही घरांची बिलं सारखी दिसतील आणि मी 'परिणाम शून्य' असं लिहीन. ते साफ चूक ठरेल. उलट बल्बांची संख्या गुणिले वॅट गुणिले तास असा सरधोपट गुणाकार केला, तर जे लोक तसेही एलईडीकडे वळलेच असते त्यांचं श्रेयही योजनेला जातं. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो शोधायला बिलांबरोबर बाजारभावही तपासावे लागतात.

असाच एक पसरणारा परिणाम किर्गिझस्तानात दिसला. तिथे सीएफएल वाटले, आणि एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) पुरेशा घरांत ते लागले तेव्हा डीपीवरचा भार उतरून वीज जाणंच कमी झालं. फायदा बल्ब न मिळालेल्या शेजाऱ्यांनाही झाला.

पैसे कापण्याबद्दल: ही भीती मलाही वाटते. पण फुगवलेल्या आकड्यावर योजना उभी केली, की पुढे वीज कमी पडते तेव्हा कारखान्याची लाइन तुमचीच जाते. म्हणून मला हा आकडा खरा हवा असतो.

उत्तर: सहकारनगरची_आजी

मी ७४ वर्षांची आहे. आमच्याकडेही असे पंखे बसवले. पूर्वी मध्यरात्री उठून पंखा कमी करायचे, बिलाच्या धाकाने. आता पहाटेपर्यंत चालू ठेवते, रिमोट उशाशी असतो. झोप लागते. तुमच्या हिशेबात मी वीज वाया घालवणारी ठरते का, बाई?

बीएमसीसी_रोड

नाही हो आजी. तुमचे जास्तीचे तास बचतीच्या रकान्यात उणे धरावे लागतात, कारण तेवढी वीज लागली हे खरं आहे. पण दुसरा रकाना असतो, लोकांना मिळालेल्या सुखाचा, आणि तिथे तुमची झोप जमेस धरायलाच हवी. बरेच अहवाल तो रकाना रिकामा सोडतात, कारण झोपेचं बिल येत नाही. मी अहवाल लिहिते तेव्हा घरोघरी विचारते की रात्री किती वेळ जाग येते.

कोथरूड_सचिव

बिलं मांडून पाहिली. नोव्हेंबर ते जानेवारी दोन्ही गट अगदी एका चालीने खाली आलेत. ऑक्टोबरमध्ये मात्र पंखे घेणाऱ्या घरांचा वापर थोडा जास्त चढलेला दिसतो. सभेत काय सांगू? शिवाय उरलेल्या ४८पैकी ३० घरं आता पंखे घ्यायचं म्हणताहेत.

बीएमसीसी_रोड

काका, सभेत २२ म्हणू नका. 'साधारण १५ ते २५ युनिट, ४० नाही' असं म्हणा. ऑक्टोबरात ती घरं जास्त चढतात, म्हणजे उकाड्यात त्यांचा वापर मुळातच जास्त वाढतो. एप्रिलमध्येही तसंच झालं असेल तर तुमची बचत २२हून थोडी जास्तच असेल. पण एका महिन्यावरून मी तसं छातीठोकपणे सांगणार नाही. आणि ज्यांचा वापर ३००च्या पुढे जातो त्यांना समजावून सांगा, की त्यांचं वाचलेलं युनिट वरच्या टप्प्यातलं, महाग दराचं असतं. त्यांना पैशांत जास्त फायदा दिसेल.

त्या ३० घरांची संधी मात्र हातची जाऊ देऊ नका. सगळ्यांना एकदम पंखे देऊ नका. सोडत काढा, १५ घरांना फेब्रुवारीत, १५ना जूनमध्ये. फेब्रुवारी कुणाला मिळेल हे चिठ्ठीने ठरलं, तर 'ज्यांना गरज होती त्यांनीच आधी घेतले' ही शंका उरत नाही. १५ घरं थोडी आहेत, एखाद्याकडे लग्न निघालं तरी सरासरी हलेल. म्हणून प्रत्येक घराची मागची १२ बिलं सोडतीच्या आधीच जमा करून ठेवा.

कोथरूड_सचिव

जूनचा क्रमांक आलेले चिडतील. त्यांना दोन महिन्यांचा देखभाल खर्च माफ करावा, असा ठराव ठेवतो रविवारी. आणि काढलेले पंखे कुणी कुठे नेले, ती यादी आजपासूनच करायला घेतली. पहिल्या सहा घरांत विचारलं: दोन पंखे गावी, एक ड्रायव्हरकडे, बाकीचे माळ्यावर.