मदत हवी आहे : शेजारच्या काकींना काय सांगू?

सर्वांना जय ख्रिस्त. आम्ही वेंगुर्ल्याचे. गेल्या मोसमात होडीचं इंजिन गेलं, त्याच्या कर्जाचे हप्ते चालूच आहेत. आता 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे कमाईही बंद. माझ्या दोन बांगड्या गहाण आहेत. (लिहिताना लाज वाटतेय, पण असो.)

परवा काकी पडवीत सुकट निवडत होत्या. त्यांचाही मुलगा खलाशी, घरात तीच ओढाताण. मान वर न करताच म्हणाल्या, "तुमचो देव वाट दाखयता म्हणतंस मां? मगे ह्या असा कित्याक?" मला काही सुचलं नाही.

रात्री बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 काढला. ख्रिस्ताचा प्रेषित पौल जहाजावर कैदी, वादळाची 14वी रात्र. खलाशी दोर सोडून खोली मोजतात, आधी 20 वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), मग 15. आमचे म्हातारेही वावातच बोलतात! देवदूताने त्याला माणसं वाचतील एवढंच सांगितलेलं. पौल भाकर घेतो, सगळ्यांसमोर आभार मानतो, खातो. मग त्या 276 जणांना धीर येतो. जहाज मात्र फुटतंच.

हे काकींना सांगावंसं वाटतं. पण घरात पैसा नसलेल्या बाईला "जहाज फुटतंच" कसं म्हणू? आणि मी धर्म बदलायला सांगतेय असंही वाटायला नको. चतुर्थीला त्यांचे मोदक येतात, नाताळात आमच्या नेवऱ्या जातात.

तुमच्यापैकी कोणी स्वतः अडचणीत असताना साक्ष दिली असेल, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्याला सांगितलं असेल, तर पहिलं वाक्य काय बोललात? नुसती वचनं पाठवू नका, ती आहेत माझ्याकडे.